ऑकशॉटबाईंची बंदूक आणि माझी चावी

घरातली एक वस्तू कुठे ठेवली आहे हे बायकोला कळता कामा नये, अशी आमच्या सरकारची अट आहे. तोंडी नाही, चांगली छापील. ज्याने ती लिहिली त्याचं लग्न झालेलं नसणार. मी चौतीस वर्षं संसार केला. या काळात मोजे, चष्मा, बागेची कात्री आणि एकदा तर मी स्वतः कुठे आहे, हे मला मॉरीनला विचारूनच कळलेलं आहे. ("तू लीड्सच्या गाडीत बसलायस, लायोनेल. तुला श्रूझबरीला जायचं होतं.") अशा माणसाकडे सरकार येतं आणि म्हणतं, हिला पत्ता लागू न देता एक चावी लपवून दाखवा.

चावी पोलादी कपाटाची आणि कपाट बंदुकीसाठी. बंदूक म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. ही आमच्या आजोबांच्या काळात बर्मिंगहॅमला घडवलेली, एका वेळी एकच गोळी घेणारी. घोड्यामागची दांडी खाली ओढायची, की वरचं तोंड उघडतं. त्यात करंगळीच्या दोन पेरांएवढं काडतूस अंगठ्याने सरकवायचं, दांडी वर करायची, श्वास रोखायचा आणि पंचवीस यार्डांवरच्या कार्डावर नेम धरायचा. चुकला, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. ससा दुसऱ्या गोळीपर्यंत थांबत नाही. कार्ड थांबतं, म्हणून आमचा क्लब कार्डावरच बार काढतो.

आमचा क्लब म्हणजे नेदर विचफोर्डच्या चर्चमागची पत्र्याची शेड. शनिवारी दुपारी आम्ही अकरा सभासद तिथे जमतो. चार सतरंज्या आहेत, त्यावर क्लबच्या बंदुका घेऊन चौघं पालथे पडतात (शेडच्या आत परवाना लागत नाही) आणि बाकीचे पलीकडच्या खोलीत चहा पीत पहिल्या चौघांचं काय चुकतंय ते सांगतात. प्रत्येकाच्या कार्डावर दहा काळे ठिपके, प्रत्येकी एक गोळी, एकूण गुण शंभर. माझे साधारण एकाहत्तर होतात. सत्तरच्या खाली मी सहसा जात नाही, आणि गेलो तर वारा असतो. शेड बंदिस्त आहे हे मला मान्य आहे, पण दाराखालून येतो.

या क्लबच्या चिटणीस मिसेस ऑकशॉट. वय एक्क्याऐंशी. दोन बारांमध्ये विणकाम करायच्या आणि तरी शहाण्णवच्या खाली कधी आल्या नाहीत. बंदूक त्यांच्या नवऱ्याची, सिरिलची. अपर विचफोर्डविरुद्धच्या ढालीच्या सामन्यात ती दर ऑक्टोबरात उतरायचीच. सिरिल गेले तेव्हाही उतरली होती, अंत्यविधी उरकून बाई काळ्या हॅटमध्येच सतरंजीवर पडल्या होत्या. पण गेल्या वर्षी मे महिन्यात बाईंनी चहाच्या वेळी सुया न थांबवता जाहीर केलं, की जूनच्या तीस तारखेला त्या वृद्धाश्रमात राहायला जाणार.

"तिथे मांजर चालतं, बंदूक चालत नाही," त्या म्हणाल्या. "क्लबच्या कपाटात सहाच खाचा, त्या भरलेल्या. दुकानदार म्हणतो, असली जुनी धुडं आता कुणी फुकट नेत नाही. तीस तारखेच्या आत कुणाच्या परवान्यावर चढली नाही, तर पोलीस नेतील आणि करवतीने तीन तुकडे करतील. सिरिल गेला तेव्हा मी रडले नाही. पण हे मला बघवायचं नाही."

त्या हे माझ्याकडे बघून म्हणाल्या नव्हत्या. त्या मॉरीनकडे बघत होत्या, कारण मॉरीन त्यांच्या कपात चहा ओतत होती. मला शेडपर्यंत गाडीने सोडायचं आणि परत न्यायचं म्हणून मॉरीन दर शनिवारी यायची आणि नुसतं बसून काय करायचं म्हणून चहाचं बघायची. पण माझा ऊर भरून आला. मला ती बंदूक खरोखर आवडायची. तिचा तो घासून गुळगुळीत झालेला अक्रोडाचा दस्ता गालाला लावला, की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी घेतो."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "तू?"

हा डेरिक हॉपवुड, माझा शेजारी, शेडमध्ये फक्त चहाला येणारा. आमच्या दोन घरांमध्ये एक हिरवं कुंपण आहे, आणि कुंपणावरून गेली वीस वर्षं त्याचा सल्ला येतो. त्याच्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, पण परवाना कसा मिळवायचा यावर त्याच्याएवढा अधिकाराने बोलणारा माणूस सबंध श्रॉपशरमध्ये नसेल.

"पहिलं कपाट बसव," डेरिक कुंपणावरून म्हणाला. "ते येतात ते कपाट हलवून बघतात. बाहेरच्या विटांच्या भिंतीत चार बोल्ट मारायचे. झोपायच्या खोलीत."

"झोपायच्या खोलीत पाइप आहेत का रे भिंतीत?"

"या घरांना? छे! मी ओळखतो ना बांधणाऱ्याला."

पहिल्या भोकातून काही आलं नाही. दुसऱ्यातून गरम पाणी आलं. ते जिन्यावरून उतरून दिवाणखान्यात गेलं आणि पहिल्या भोकातून काही का आलं नाही याचा खुलासा प्लंबरने तिसऱ्या दिवशी केला. तिथलं पाणी भिंतीच्या आतल्या आत शेजारच्या खोलीत पोचलं होतं, थेट मॉरीनच्या उन्हाळी कपड्यांत. शेवटी कपाट जिन्याखाली बसलं. तिथे आधी झाडायचं यंत्र होतं. ते यंत्र आता दिवाणखान्यात माझ्या खुर्चीशेजारी उभं असतं आणि मॉरीन त्याच्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघते.

मग अर्ज. चार फोटो. पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का, वेड लागलं आहे का, या रकान्यांपुढे मी 'नाही' लिहिलं. दुसरं लिहिताना क्षणभर थांबलो. शिवाय दोन प्रतिष्ठित ओळखीच्या माणसांनी माझ्या स्वभावाबद्दल पोलिसांना गुप्तपणे लिहून पाठवायचं होतं. एक म्हणजे आमचे पाद्री. दुसरा डेरिक, कारण त्याला नाही विचारलं असतं तर कुंपण सोडून त्याने भिंत घातली असती.

मेच्या शेवटी पोलीस खात्याचे तपासनीस आले, मिस्टर थ्रिप. बारीक, नीटनेटके, पायपुसण्यावर बूट चार वेळा घासणारे. त्यांनी चहा घेतला, बिस्किट नाकारलं आणि फाइल उघडली.

"मिस्टर ट्विडल, सत्त्याण्णव साली तुम्ही एका शेजाऱ्याला कुंपणाच्या उंचीवरून 'निर्लज्ज' म्हणालात?"

"हे डेरिकने लिहिलं?"

"ते गुप्त असतं. कात्री हातात होती का तेव्हा?"

"कुंपणच कापत होतो मी!"

त्यांनी ते लिहून घेतलं. मग माझी कार्डं बघितली. दिवाणखान्यात मी एकच कार्ड चौकटीत लावलं आहे, बारा एप्रिलचं. त्या शनिवारी माझे सत्त्याण्णव झाले होते. का झाले हे मला सांगता येणार नाही, प्रतिभा सांगून येत नाही. थ्रिपनी मान डोलावली. कपाट हलवलं, हललं नाही. मी त्यांच्यासमोर ते उघडून आतली रिकामी जागा दाखवली. मी मनात बंदूक त्यात उभीसुद्धा केली होती. तेवढ्यात त्यांनी मॉरीनकडे मान वळवली.

"मिसेस ट्विडल, कपाटाची चावी एरवी कुठे असते हे तुम्हाला माहीत आहे?"

आता माझी बायको कशी आहे हे सांगायला हवं. दुकानदाराने चुकून एक सफरचंद जास्त दिलं तर ती पावसात परत जाते. पोलिसाशी खोटं बोलण्यापेक्षा ती स्वतःहून तुरुंगात जाऊन बसेल आणि तिथली खिडकी पुसेल.

"हो," ती म्हणाली. "चहाच्या मागच्या डब्यात. परवापर्यंत त्याच्या रबरी बुटात होती, डाव्या. त्याआधी प्रार्थनेच्या पुस्तकात. पण चावी आहे ना हे बघायला तो सारखं पुस्तक उघडायचा आणि मग लोकांना वाटायचं बरं नाहीये त्याला."

थ्रिपनी पेनाला टोपण लावलं. "ज्याच्या नावावर परवाना, त्याच्याखेरीज कुणालाही चावीचा पत्ता असता कामा नये. बायकोलासुद्धा. तीन आठवड्यांनी येतो, मिस्टर ट्विडल. वीस जूनला."

वीस जून म्हणजे करवतीच्या आधी दहा दिवस.

"सोपं आहे," डेरिक कुंपणावरून म्हणाला. "बायका जिथे हात घालत नाहीत तिथे ठेव."

"अशी जागा माझ्या घरात नाही."

"गाडीच्या हत्यारांच्या पेटीत?"

"गाडी तीच दुरुस्त करते."

पुढचे दोन आठवडे आमच्या घरात चोरपोलीस चाललं होतं. मी कड्यासकट दोन्ही चाव्या, मूळची आणि जादाची, घड्याळामागे ठेवल्या, तिने घड्याळ पुसलं. गवत कापायच्या यंत्रात ठेवल्या, तिने गवत कापलं. एकदा मी त्या टोपीच्या अस्तरात घालून शिवल्या. शिवण बघून तिला दया आली आणि तिने ती उसवून नीट घालून दिली, चावीसकट. प्रत्येक वेळी ती जेवायच्या टेबलावर चाव्या माझ्या ताटाशेजारी ठेवायची आणि म्हणायची, "ही पण नाही जमली, लायोनेल. वाटाणे घे." तिच्या बोलण्यात कुचेष्टा असती तर मी भांडलो असतो. नव्हती, म्हणून जास्त लागायचं.

आणि मग मला सुचलं. डेरिकची बायको दर नाताळला हिरव्या टोमॅटोची चटणी देते. गावातल्या प्रत्येक घरी कपाटाच्या मागच्या रांगेत तिच्या पाच-सहा बरण्या असतात. त्या कुणी उघडत नाही आणि टाकतही नाही, कारण डेरिकची बायको रिकामी बरणी परत मागते. मॉरीन घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावते, पण त्या चटणीला देवही हात लावणार नाही. एका दुपारी ती बाहेर गेली असताना मी लाल झाकणाची बरणी उघडली. वास आला, मी डोळे मिटले, कडं आत सोडलं, चमच्याने तळाशी ढकललं आणि झाकण घट्ट लावलं. नंतर अर्धा तास मी स्वतःच्याच अकलेवर खूश होऊन खुर्चीत बसून होतो.

एक आठवडा गेला. मॉरीनने ताटाशेजारी काही ठेवलं नाही. शनिवारी मी ऑकशॉटबाईंना म्हणालो, "बाई, बंदुकीला तेल लावून ठेवा. यायला तयार असू दे."

"ती तयारच आहे, लायोनेल," बाई म्हणाल्या. "येईल तुमच्या घरी." आणि पुन्हा मॉरीनकडे बघून हसल्या. बाईंची नजर अलीकडे कमी झाली आहे, असं मी समजलो.

वीस जूनला थ्रिप आले. बूट चार वेळा. चहा घेतला, बिस्किट नाकारलं. म्हणाले, "कपाट पुन्हा एकदा उघडून दाखवा. चावी आणा, मी इथेच बसतो. मिसेस ट्विडलही इथेच बसतील."

मी ऐटीत स्वयंपाकघरात गेलो. मागच्या रांगेत पाच बरण्या होत्या. झाकणं पिवळं, पिवळं, हिरवं, पांढरं, पिवळं. लाल नव्हतं. मी घाम पुसला. झाकणं बदलली असतील, असं म्हणून पहिली बरणी ताटात उपडी केली. मग दुसरी. पाचवी उपडी करेपर्यंत तो वास दिवाणखान्यात गेला होता आणि थ्रिप दारात उभे होते. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे होते.

"मिस्टर ट्विडल, तुम्ही काय करताय?"

"लाल झाकणाची बरणी," मी ओरडलो. "मॉरीन! लाल झाकणाची कुठे गेली?"

"ती? चर्चच्या सोडतीला दिली," मॉरीन म्हणाली. "रविवारी. दरवर्षी एक देते. मागच्या वर्षी तीच बरणी डेरिकला लागली होती बक्षीस."

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती तिथे, तरी बसलो. "म्हणजे शस्त्रांच्या कपाटाच्या दोन्ही चाव्या," मी पोलिसांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "चर्चच्या सोडतीत गेल्या."

थ्रिपचा चेहरा पांढरा पडला. मला आधी बंदूकच आठवली. तीन तुकडे. दस्ता एकीकडे, नळी एकीकडे. आणि ऑकशॉटबाई वृद्धाश्रमात मांजर मांडीवर घेऊन. अख्ख्या शेडसमोर मी उभा राहून 'मी घेतो' म्हणालो होतो. मला तिथे, त्या फरशीवर, रडू आलं हे मी लपवत नाही. कांदा होता चटणीत, पण तेवढ्याने नाही आलं.

"नाही गेल्या," मॉरीन शांतपणे म्हणाली. "बरणी देण्याआधी उचलली तर जड लागली. मी काढून घेतल्या, धुतल्या."

थ्रिप हळूच वळले. "म्हणजे चावी आत्ता कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला या प्रश्नाचं उत्तर किती महाग आहे ते ठाऊक होतं. मला वाटलं, चौतीस वर्षांत एकदा, फक्त एकदा...

"हो," ती म्हणाली. "माहीत आहे."

"आणि मिस्टर ट्विडलना?"

"त्याला नाही. त्याला सापडणारही नाही."

थ्रिप दिवाणखान्यात परत गेले, बसले आणि बॅगेतून दुसरी फाइल काढली. एवढा वेळ गंभीर असलेला तो माणूस पहिल्यांदाच बिस्किटाकडे हात नेत म्हणाला, "मिस्टर ट्विडल, मी आज या पत्त्यावरचे दोन अर्ज तपासायला आलो होतो. तुमच्या अर्जात मुळात एकच खोट आहे. तो नवऱ्याने भरलाय."

दुसरा अर्ज मॉरीनचा होता. मार्चपासून ती क्लबची रीतसर सभासद होती. मी पहिल्या चौघांत बार काढून चहाच्या खोलीत जायचो आणि माझी गोळी कुठे व का गेली हे लोकांना समजावत बसायचो. तेवढ्या वेळात दुसऱ्या चौघांत ती सिरिलची बंदूक घेऊन पालथी पडायची. एकाही शनिवारी मी मागे वळून बघितलं नव्हतं. अर्जासोबत ऑकशॉटबाईंनी तिचे गुण लिहून दिले होते आणि थ्रिप ते मोठ्याने वाचत होते. "पाच एप्रिल, चौऱ्याण्णव. बारा एप्रिल, सत्त्याण्णव."

आम्ही तिघांनीही भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं.

"कार्डांची अदलाबदल झाली त्या दिवशी," मॉरीन म्हणाली. "मी सांगणार होते रे. पण तू चौकट घेऊन आलास. तुझं एकाहत्तरचं माझ्या पर्समध्ये आहे, हवं तर देते."

मी माझा अर्ज मागे घेतला, म्हणजे हिरव्या हाताने त्यावर सही केली. थ्रिपनी तो कागद टोकाला धरून फाइलमध्ये ठेवला. अठ्ठावीस जूनला बंदूक आमच्या घरी आली. बाईंनी ती स्वतःच्या हाताने मॉरीनला दिली, दस्त्यावरून एकदा बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "थोडी उजवीकडे मारते. सिरिलही तसाच होता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू 'मी घेतो' म्हणालास ना, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, लायोनेल. पण मला ती जिवंत राहायला हवी होती." मी बंदुकीची पिशवी गाडीपर्यंत उचलून नेली. तेवढ्यालासुद्धा मॉरीन शेजारी चालत असणं कायद्याने आवश्यक होतं.

ऑक्टोबरात ढाल आम्ही जिंकली. शेवटची सतरंजी मॉरीनची होती, अठ्ठ्याण्णव. ऑकशॉटबाईंना वृद्धाश्रमाच्या गाडीतून आणलं होतं. त्या विणत बसल्या होत्या. फक्त शेवटच्या बाराला सुया थांबल्या. चहा मी केला. चांगला झाला होता असं अपर विचफोर्डचे लोकही म्हणाले. डेरिकने किटली कशी धरावी ते दाखवलं.

आता थोडं राहिलं आहे. मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात मला व्यायाम करायची बुद्धी झाली. डॉक्टरांनी बुद्धी दिली असं म्हणू. नऊ वर्षांपूर्वी डेरिकच्या सल्ल्याने मी दोन डंबेल आणले होते, ते पलंगाखाली खोक्यात तसेच होते. खोकं ओढून उघडलं तर आत, डंबेलांच्या मधोमध, माझ्याच जुन्या मोज्यात कडं होतं. मला हसू आलं आणि लागलंही. माझ्या घरात मी कधीही हात घालणार नाही अशी एक जागा होती, आणि तिला ती पहिल्या फटक्यात सापडली होती. मी मोजा होता तसा ठेवला, खोकं आत सरकवलं आणि व्यायाम सोडला.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी, न कळवता, थ्रिप आले. बूट, चहा, आता बिस्किटही. बंदुकीचा नंबर तपासला. मग फाइल उघडून माझ्याकडे वळले.

"मिस्टर ट्विडल, चावी कुठे असते हे तुम्हाला माहीत आहे?"

मॉरीन माझ्याकडे बघत होती. ती पोलिसाशी खोटं बोलत नाही, आणि मीही आयुष्यात कधी बोललेलो नाही. मला कपाटातली बंदूक दिसली, आणि नळीवर करवत.

"मला?" मी म्हणालो. "मला माझे मोजे कुठे आहेत ते माहीत नसतं."

थ्रिपनी समाधानाने बरोबरची खूण केली आणि ते गेले. मॉरीनने कप उचलले. जाता जाता तिने माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. मला वाटलं, थकलो असेन असं तिला वाटलं.

संध्याकाळी मी पलंगाखालचं खोकं उघडून बघितलं. डंबेल होते, मोजा नव्हता.